कूलरमधलं बिऱ्हाड

उस्मानपुऱ्यात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला तीन प्रश्न विचारले. मांजर पाळता का? गलोल चालवता येते का? आणि दुचाकी असेल तर ती चालू करण्याआधी सीट उचलून बघायची सवय आहे का?

त्याआधी मी आठ खोल्या पाहिल्या होत्या. आठही ठिकाणी आडनाव, गाव, मटण खाता का, पाहुणे किती येतात, अशी उलटतपासणी झाली होती आणि तिची उत्तरं मला तोंडपाठ झाली होती. हे तीन प्रश्न मात्र अभ्यासाबाहेरचे होते.

"मांजर नाही," मी म्हणालो. "गलोल लहानपणी होती."

"नेम कसा होता?"

"वाईट."

"मग चालंल," म्हणाले, आणि किल्ली हातात ठेवली. आडनाव त्यांनी पुढे सहा महिन्यांनी विचारलं, तेही घरी आलेलं कुरिअर कोणाचं ते कळेना म्हणून.

ते वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. उंच, काटक, उन्हानं रापलेले. निवृत्तीनंतरही खाकी पँट सुटली नव्हती आणि शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर असायचा. खाली ते आणि काकू राहत, वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको. अंगणात एक जुना कडुलिंब होता. प्लॉट घेतला तेव्हा तो बरोबर मध्यभागी येत होता. कंत्राटदारानं तोडायचा म्हटल्यावर काकांनी घरच चार फूट मागं सरकवलं. त्यामुळे आमच्या न्हाणीघरात सरळ उभं राहिलं की दोन्ही कोपरं भिंतीला लागायची. काकूंचा त्या झाडावर त्यासाठी कायमचा राग होता.

त्या कडुलिंबावर खारी होत्या. तशा त्या सगळ्याच झाडांवर असतात आणि आपण त्यांच्याकडे बघतही नाही. काका मात्र दुसऱ्या कशाकडेच बघत नसत. "ती तिचं बघती, मी माझं बघतो," असं ते सगळ्यांना सांगायचे. पण त्यांचं स्वतःचं असं बघण्यासारखं काहीच नव्हतं, ते दिवसभर तिचंच बघायचे.

घरात भिंतीवर घड्याळ होतं. ते काकूंसाठी. काकांचं घड्याळ झाडावर. खार उतरली म्हणजे सकाळ झाली. फांदीवर चारी पाय सोडून पालथी पडली म्हणजे जेवायची वेळ. शेपटी उचलून वर वर जायला लागली म्हणजे दिवेलागण. मी वाळूजला एका कंपनीत कामाला होतो आणि कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. एखाद्या दिवशी मी डबा घेऊन घाईघाईनं जिना उतरत असलो की खुर्चीतून आवाज यायचा, "भाऊ, खार उतरून अर्धा तास झाला. तुमची बस गेली." मी मोबाइलमध्ये बघायचो, अजून दोन मिनिटं असायची. धावत जायचो आणि बस खरोखरच गेलेली असायची.

लोकांना वाटायचं, एवढं वेड आहे म्हणजे हे खारींना खाऊ घालत असतील, हातावर घेत असतील. अजिबात नाही. त्यांनी एक दाणा कधी टाकला नाही आणि दुसऱ्याला टाकू दिला नाही. शेजारच्या बंगल्यातल्या आजी रोज सकाळी आमच्या कंपाउंडवर बिस्किटांचे तुकडे ठेवायच्या आणि हात जोडायच्या. काका दहा मिनिटांनी जाऊन ते तुकडे झाडून काढायचे. एकदा दोघांची गाठ पडली.

"मुक्या जीवाच्या तोंडचा घास काढता?" आजी म्हणाल्या.

"आजी, तिचे दात जलमभर वाढतात. कडक फोडलं नाय तर ते झिजत नाय. मग ते तोंडात मावत नाय, अन् ती उपाशी मरती. तुमच्या बिस्किटानं पुण्य लागत नाय, पाप लागतंय."

आजी दोन महिने बोलल्या नाहीत. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट सकाळी जरा शांतता मिळते म्हणाले.

रामाचा विषय निघाला की त्यांचं डोकं आणखी भडकायचं. सेतू बांधताना खारीनं वाळू आणून टाकली, रामानं प्रेमानं तिच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, ते पट्टे अजून आहेत, ही गोष्ट आपण सगळे ऐकून मोठे झालो. काकांचं म्हणणं, आमच्याकडच्या खारीला पट्टे पाच. मधले तीन ठळक, कडेचे दोन फिके. ते मोबाइलमधला फोटो मोठा करून मोजून दाखवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "मग हे दोन कोणी वढले?" गल्लीतल्या भजनी मंडळाला त्यांनी हा प्रश्न चैत्रात, ऐन रामनवमीला विचारला होता. तेव्हा काकू प्रसादाचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोन लक्ष्मणानं वढले असतील. तो काय मोकळाच बसला होता का?" सगळे हसले. काकासुद्धा हसले, पण त्या दिवशी प्रसाद त्यांनी सर्वांत शेवटी घेतला.

काकू अशा होत्या. काकांना कसं धरायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या दुपारी ओसरीवर बसून वाती वळायच्या, आणि डोळ्याला डोळा लागला की खार येऊन कापसाचा अख्खा पेळू पळवायची. पिल्लांच्या घरट्यासाठी कापूस, काथ्या, फरशी पुसायच्या फडक्याचे दोरे, काय वाटेल ते चालायचं तिला. काकू ओरडायच्या, "देवाच्या वाती नेल्या हो तुमच्या बाईनं!" आतून काका विचारायचे, "कोणती? शेपटी तुटकी, का दुसरी?"

खारीच्या ओरडण्याचा अर्थ त्यांना कळायचा. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. सावकाश एकेक चिक म्हणजे मांजर लांब आहे. झपाट्यानं चिकचिकचिक आणि शेपटीला झटके म्हणजे मांजर खाली आहे. एकच बारीक शिट्टी आणि मग सगळं चिडीचूप म्हणजे वर घार. एका दुपारी ते अंगणातून ओरडत सुटले, "कोणी खाली उतरू नका! साप हाय, साप! ही सापाची शिवी हाय!" मी आणि माझी बायको तासभर गॅलरीत उभे, काकू स्वयंपाकघरात कोंडलेल्या, शेजारच्या आजी गच्चीवर. काका काठी घेऊन एकेक कुंडी हलवतायत. शेवटी काकूंनी झाडांसाठी आदल्या दिवशी आणलेली नवी हिरवी नळी मोगऱ्याखालून निघाली. खार तिच्याकडेच बघून कोकलत होती.

"चूक खारीची हाय," काका काठी ठेवत म्हणाले. "मी बरोबर सांगितलं."

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस होता, पण तेवढाच नव्हता. आमच्या आधी त्या खोलीत एक सद्गृहस्थ राहत होते. न्हाणीघराच्या झरोक्यात खारीनं घर केलं, कचरा पडतो म्हणून त्यांनी एका रविवारी भरदुपारी झरोका सिमेंटनं बंद करून टाकला. आई बाहेर, पिल्लं आत. संध्याकाळी काकांना आईचं ओरडणं ऐकू आलं. ते हातोडा घेऊन वर गेले, झरोका फोडला, पिल्लं मेलेली निघाली. त्यांनी त्या गृहस्थांना शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "पंधरा दिवसांत खोली खाली करा." गृहस्थांनी माफी मागितली, पोरांच्या परीक्षा आहेत म्हणाले, बायको रडली. काका पंधराव्या दिवशी किल्ली घ्यायला दारात उभे. ही गोष्ट मला शेजारच्या आजींनी सांगितली होती, आणि मी ती पक्की लक्षात ठेवली होती.

आणखी एक होतं. काका कोणाला खोटा धीर देत नसत. आमच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हा माझी बायको आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, पण इतकी लहान की तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवून "होईल सगळं व्यवस्थित" म्हणायचा. काका काकूंचा डबा घेऊन आले. त्यांनी विचारलं, "वजन किती?"

"सोळाशे ग्रॅम."

"कमी हाय," ते म्हणाले, डबा बाकावर ठेवला आणि निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. रात्री डबा उघडला तर पोळ्यांना तूप लावलेलं होतं आणि त्या अजून मऊ होत्या. तरीही राग गेला नाही.

तीन आठवडे आम्ही दवाखान्यात काढले. मुलगी हळूहळू सावरली. एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी घरी न्या. बायकोचं माहेर फुलंब्रीचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी असंच ठरलं होतं. पण डॉक्टरांनी महिनाभर शहर सोडायचं नाही म्हणून सांगितलं. सासूबाई इकडेच येणार होत्या. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली, की बाळाला उकाडा सोसणार नाही, खोली गार पाहिजे.

आता आमची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. आमच्या भागात एप्रिलमध्ये अशा खोलीत कूलरशिवाय माणूस टिकत नाही, सोळाशे ग्रॅमचं बाळ कुठून टिकणार! बाळाचं वजन तोवर दोन किलोच्या जवळ आलं होतं, पण माझ्या डोक्यात तोच आकडा बसला होता. कूलर खिडकीलाच होता. आमच्याकडे तो थंडीतही काढत नाहीत. वर जुनी चादर टाकून ठेवतात आणि उन्हाळा आला की चादर काढायची, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, टाकीत पाणी सोडायचं, बटण दाबायचं. या घरात मात्र एक कायदा होता. कूलर काकाच उघडणार. आदल्या वर्षी टॉर्च आणि पेचकस घेऊन त्यांनी त्यात एक तास घालवला होता, एवढ्या वेळात मी दोन कूलर उघडून बंद केले असते.

त्या दिवशी मी सकाळीच दवाखान्यातून आलो. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "गवत सडलंय. मी औरंगपुऱ्यात जाऊन नवं घेऊन येतो. आल्यावर उघडू. तोवर हात लावू नका." आणि लुनावरून गेले.

मी अर्धा तास थांबलो. पाऊण तास थांबलो. खोली झाडून झाली, पाळणा बांधून झाला. डोक्यात नुसतं उद्या, उद्या चाललेलं. तीन आठवडे मी नुसता बाकावर बसून होतो, माझ्या हातात काहीच नव्हतं. आता एक काम हातात आलं होतं आणि तेही दुसऱ्या माणसाची वाट बघत अडलेलं. मी म्हटलं, जुनं गवत तरी काढून ठेवतो. गॅलरीत गेलो, चादर ओढली, मागची जाळी उचकटली आणि आतलं सगळं गवत दोन्ही हातांनी कवटाळून एका झटक्यात खाली अंगणात फेकलं.

ते खाली पडतंय तोवरच कडुलिंबावर एकच आकांत उठला. आणि अंगणातून काकूंचा आवाज आला, "अरे बाबा, काय केलंस हे! हे गवत वरडायलंय!"

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. गवताच्या भाऱ्याच्या मध्यभागी कापूस होता, काकूंच्या वातींचा. त्यात चार पिल्लं होती. माझ्या बोटाएवढी, डोळे मिटलेले, अंगावर नुसती लव आणि पाठीवर नुकतेच उमटायला लागलेले पट्टे. तीन वळवळत होती. चौथं त्यांच्याहून लहान होतं आणि फारसं हलत नव्हतं. मी खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. हात लावावा की नाही तेही कळेना. लहानपणापासून ऐकलेलं, माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही.

तेवढ्यात फाटकाशी लुना थांबली. कॅरिअरला नव्या गवताची गुंडाळी बांधलेली. काकांनी अंगणात पाहिलं, गॅलरीत उघड्या कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. उद्या बाळ घरी येतंय आणि आज आपल्याला पंधरा दिवसांची मुदत मिळतेय.

 त्यांनी लुना स्टँडला लावली, खाली बसले आणि पिल्लं एकेक करून उचलून तळहातावर घेतली.  पोटं बघितली, पाय बघितले.

"लागलं नाय," म्हणाले. "कापूस होता म्हणून."

"काका, पण हात लागला तर आई..."

"कोणी सांगितलं? खारीनं?" ते म्हणाले. "चपलेचं खोकं आन. अन् आता इथं उभं राहू नको, ती घाबरती."

मी चपलेचं खोकं आणलं. त्यांनी त्यात तोच कापूस अंथरला, तेच जुनं गवत, वर पिल्लं. मग शिडी लावून ते खोकं कडुलिंबाच्या बुंध्याला सावलीच्या बाजूला वायरच्या तुकड्यानं बांधलं. साठी उलटलेला माणूस शिडीवर असा चढला, जसा मी कधी माझ्या घराचा जिनाही चढलो नाही. काकूंना हुकूम सुटला, मागच्या घरचं मांजर आलं तर खिडकीतून पाणी मारायचं. काकू तांब्या भरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या. आणि आम्ही दोघं वर, माझ्या खोलीत, दार फटीएवढं उघडं ठेवून जमिनीवर.

खार झाडाच्या शेंड्यावर ओरडत होती. मध्येच थांबायची, चार फूट उतरायची, पुन्हा वर. तासाभरानं ती उलटी होऊन बुंध्यावरून खोक्यापर्यंत आली. वास घेतला. आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंडात एक पिल्लू होतं आणि ते तिच्या गळ्याभोवती मफलरसारखं गुंडाळलेलं होतं. ती वर गेली, फांदीच्या खाचेतल्या ढोलीत शिरली.  थोड्या वेळानं दुसरं नेलं. मग तिसरं. काका दर वेळी बोट वर करायचे, एक, दोन, तीन. चौथं बोट वर झालं नाही. ती ढोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही.

दोन वाजले, तीन वाजले. खोली तापली होती, आम्ही दोघंही घामानं निथळत होतो. बायकोचा फोन आला.

"कूलर लावला का?"

"लावतोय."

"सकाळपासून लावतोयस! उद्या दहाला सोडतायत."

"लावतोय म्हटलं ना."

तिनं विचारलं, आवाज असा का येतोय. मी म्हणालो, गरम होतंय. फोन ठेवला आणि मला रडू आवरेना. काकांना मी सांगून टाकलं. काका, ते लहान आहे म्हणून तिनं ठेवलं असेल ना? तिला कळलं असेल ना की हे जगायचं नाही? उद्या मी माझी पोरगी घरी आणतोय आणि आज मी हे काय करून ठेवलं?

काकांची नजर दाराच्या फटीवरून हलली नाही. तसं बघत बघतच त्यांनी मला स्वतःचं सांगितलं, जे त्यांनी तोवर कधी सांगितलं नव्हतं.

"खात्यात होतो तवा लई खारी मेल्या. डीपीच्या तारांवर चढायची, इकडून तिकडं पाय लागला की खलास. अख्ख्या उस्मानपुऱ्याची लाइट जायची. लोक आम्हाला शिव्या द्यायचे, आम्ही खारीला. मी चढायचो, काठीनं खाली पाडायचो, रजिस्टरात लिवायचो, कारण खार. फेकवत नव्हती बग. पिशवीत घालून घरी आणायचो, या लिंबाखाली पुरायचो. नवं लग्न झालेलं. हिनं एक दिवस डबा घासायला पिशवीत हात घातला." ते जरा हसले. "माहेरी निघाली होती."

"मग?"

"एकदा एकीच्या तोंडात पिल्लू होतं. जागा बदलत होती बिचारी. ती गेली, पिल्लू खाली मातीत जितं. मी घरी आणलं, गाईचं दूध पाजलं कापसानं. तिसऱ्या दिवशी गेलं. तवा कळत नव्हतं ते दूध त्यांना सोसत नाय म्हणून. तवापासून बघायला लागलो."

"पण असं खोक्यात ठेवल्यावर आई परत आलेली पाहिलीय का तुम्ही? चारी नेलेली?"

"हजारदा," ते म्हणाले. "टायम लागतो. येती ती. लहान असू दे नाय तर मोठं, ती सोडत नाय."

मी डोळे पुसले. ज्या माणसानं माझ्या मुलीचं वजन ऐकून तोंडावर "कमी हाय" म्हटलं होतं, तो माझं मन राखायला काही बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी भिंतीला टेकून बसलो. काकूंनी मधे चहा पाठवला, तो निवून गेला. पाच वाजता काका एकदा शिडीवर चढून पाहून आले. "जितं हाय," एवढंच म्हणाले. सहा वाजून गेले. ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं. अंधार पडला की खार ढोलीबाहेर पडत नाही, हे मला दोन वर्षांत त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मी त्यांना पुन्हा काही विचारलं नाही. ते अधूनमधून "येती, येती," म्हणत होते.

आणि ती आली. ढोलीतून डोकं काढलं, शेपटी झटकली, सरसर खाली उतरली. खोक्याच्या कडेवर बसून आत पाहिलं आणि परत फिरली. दोन हात वर गेली. काकांनी माझं मनगट धरलं, इतकं जोरात की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. ती थांबली. पुन्हा उतरली, आत शिरली, आणि ते इवलंसं पिल्लू तोंडात धरून निघाली. बुंध्यावर एकदा ते तिच्या तोंडातून निसटल्यासारखं झालं. तिनं पुढच्या पायांनी ते सावरलं, पुन्हा नीट धरलं आणि ढोलीत दिसेनाशी झाली.

मी हसत होतो की रडत होतो मला कळत नव्हतं. खालून काकू ओरडल्या, "घेतलं का हो?"

"घेतलं!" काका असे ओरडले की गल्लीतले दोन जण बाहेर आले. मग ते जमिनीवर पाय पसरून बसले, टॉवेलनं तोंड पुसलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आयला. घेतलं की खरंच."

"खरंच म्हणजे? तुम्ही तर हजारदा पाहिलंय म्हणालात."

"एकदा पण नाय," काका म्हणाले. "ऐकून होतो. मी पोचायचो तवा सगळं झालेलं असायचं."

"मग दिवसभर येती, येती म्हणत होतात ते?"

"उद्या पोरगी घरी यायलीय तुझी," ते म्हणाले. "मी तुला काय सांगायला पायजे होतं?"

 त्यांनी खिशातून टेस्टर काढला, उठले, आणि आम्ही दोघांनी मिळून कूलरला नवं गवत भरलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा खोली गार झाली होती.